अहमदाबादचा तळमजला

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमधल्या भचाऊ तालुक्यात, चोबारी गावाजवळ, ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. भुज, भचाऊ, अंजार आणि रापर या गावांचे काय झाले ते आपण तेव्हा दूरदर्शनवर पाहिले. सरकारी नोंदीप्रमाणे गुजरातेत सुमारे १३,८०० माणसे गेली. अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत निघालेली शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक दोन्ही बाजूंच्या घरांखाली सापडले. ते आठवले की आजही पोटात गोळा येतो. या सगळ्यात एक शहर मात्र आपल्या आठवणीतून निसटले. चोबारीपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या अहमदाबादेत त्याच सकाळी बहुमजली इमारती कोसळल्या आणि सुमारे साडेसातशे माणसे मेली. सुट्टीचा दिवस, सकाळची वेळ. घरे भरलेली होती.

महाराष्ट्रातल्या शहरी माणसाने भुजपेक्षा या अहमदाबादचा अभ्यास करावा, असे मला वाटते. भुज भूकंपप्रवणतेच्या पाचव्या क्षेत्रात, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात होते. अहमदाबाद तिसऱ्या क्षेत्रात होते. भारतीय मानक संस्थेच्या २००२ च्या नकाशात मुंबई आणि पुणेही त्याच तिसऱ्या क्षेत्रात आहेत. अहमदाबादेत पडलेल्या इमारती ज्या पद्धतीने बांधल्या होत्या, त्याच पद्धतीच्या इमारतींत आज आपल्यापैकी लाखो लोक राहतात. खाली मोकळे पार्किंग, वर चार, सात किंवा दहा मजले घरे. अहमदाबादची माणसे या तळमजल्याने मारली. त्या दिवसानंतर आपण नव्या इमारतींसाठी नियम कडक केले. आधीच्या इमारतींना कुणी हातही लावला नाही.

भूकंप का झाला, ते आधी थोडक्यात पाहू. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत युरेशियाला धडकतो आहे आणि त्या दाबाने हिमालय अजून उंचावतो आहे. कच्छ या सीमेपासून बरेच आत आहे, पण तिथले कवच अखंड नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे जमीन ताणून फाटू लागली होती. फाटणे अर्धवट राहिले आणि जुन्या भेगा तशाच खाली राहिल्या. आता उलट दिशेने दाब आला की त्याच भेगा एकमेकींवर सरकतात. २००१ मध्ये हे सरकणे जमिनीखाली वीसएक किलोमीटरवर सुरू झाले आणि पृष्ठभागापर्यंत स्पष्ट भेग आलीच नाही. कच्छला हे नवे नव्हते. १८१९ च्या भूकंपात रणात ‘अल्लाह बंद’ हा मैलोन्‌मैल लांब उंचवटा तयार झाला. १९५६ मध्ये अंजार हादरले.

१८१९ च्या त्या भूकंपाची एक खूण खुद्द अहमदाबादेत आहे. तिथल्या जामा मशिदीच्या दर्शनी कमानीच्या दोन्ही बाजूंचे उंच मनोरे तेव्हा पडले. आजही मशीद मनोऱ्यांविना उभी आहे. म्हणजे कच्छ हलले की अहमदाबादेतल्या उंच वस्तू पडतात, ही माहिती शहराच्या मध्यभागी, सर्वांच्या नजरेसमोर १८२ वर्षे होती. भूकंपाच्या लहरींत वेगवेगळ्या गतीची हालचाल मिसळलेली असते. भराभर थरथरवणाऱ्या लहरी अंतराबरोबर लवकर विरतात. संथ, लांब हेलकाव्याच्या लहरी दूरवर जातात. बुटके दगडी घर पहिल्या प्रकाराला घाबरते, उंच सडपातळ बांधकाम दुसऱ्याला. शिवाय साबरमतीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळावर शहर वसलेले आहे. अशा जाड, मऊ थरात येणारा हेलकावा वाढतो. त्यामुळे सव्वादोनशे किलोमीटर अंतराचा जो दिलासा वाटत होता, तो उंच इमारतींच्या बाबतीत खरा नव्हता.

तरीही निसर्गाच्या खात्यावर एवढेच मांडता येते, आणि हे पुरेसे कारण नाही. त्या दिवशी अहमदाबादेतल्या बहुसंख्य इमारती उभ्या राहिल्या. जुन्या शहरातल्या पोळांमधली, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांमधली, लाकडी चौकटीची, विटांची, शंभर-दीडशे वर्षांची घरेही मोठ्या प्रमाणात टिकली. गाळ सगळ्यांच्या खाली होता, हेलकावा सगळ्यांना बसला. पडल्या त्या इमारतींत बहुतेक दहा-पंधरा वर्षांच्या आतल्या, आरसीसीच्या, मोकळ्या तळमजल्याच्या होत्या. गाळाने आणि लांब लहरींनी मागितले ते या इमारतींकडे नव्हते, आणि ते का नव्हते याचे उत्तर भूगर्भशास्त्रात सापडत नाही. ते बांधकाम परवानगीच्या फाइलीत सापडते.

आयआयटी कानपूरच्या भूकंप अभियांत्रिकीच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे की त्या काळात एकट्या अहमदाबादेत सुमारे २५,००० पाच मजली आणि १,५०० अकरा मजली इमारती होत्या आणि त्यांतल्या बहुसंख्यांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरच्या प्रत्येक मजल्यावर कॉलमच्या मध्ये विटांच्या भिंती असतात. आराखड्यात या भिंतींचा हिशेब धरलेला नसला तरी प्रत्यक्षात त्या मजल्याला ताठ ठेवतात. तळमजल्यावर भिंत नाही. जमीन आडवी सरकली की वरचे सगळे मजले एकाच ठोकळ्यासारखे एकत्र हलतात आणि हलण्याचा जवळजवळ सगळा भार तळमजल्याच्या कॉलमवर येतो. डोक्यावर भरलेला हंडा घेतलेल्या माणसाचे नेमके गुडघेच अधू असावेत, तशी ही रचना आहे. कॉलम वरून आणि खालून मोडतात, आणि पहिला मजला गाड्यांवर येऊन बसतो.

याच्या भरीला इतर गोष्टी होत्या. जमिनीलगत सोडायच्या मोकळ्या जागेच्या नियमामुळे खालचा घेर लहान, पण वरच्या मजल्यांना दीड मीटरपर्यंत पुढे येण्याची मुभा. मग बिल्डरने वरचे मजले पुढे काढले, बाहेरच्या कडेचे कॉलम पुढे आलेल्या बीमच्या टोकावर उभे केले आणि ते जमिनीपर्यंत आणलेच नाहीत. गच्चीवर पाण्याच्या अवजड टाक्या ठेवल्या. सॅटेलाइट भागातल्या मानसी कॉम्प्लेक्स या अकरा मजली इमारतीचा अर्धा भाग कोसळला आणि अर्धा उभा राहिला. तिच्या माथ्यावर पाण्याचा मोठा साठा होता, आणि तो तपासणीत चर्चेचा विषय झाला. आज पुण्यात आणि ठाण्यात गच्चीवरच्या तरणतलावाच्या जाहिराती झळकतात. योग्य हिशेब करून तो बांधता येतो, यात शंका नाही. पण तो हिशेब कुणी तपासला, हे विचारणारा ग्राहक मला अजून भेटलेला नाही.

आता रिंगांबद्दल. साइटवरच्या फिटरला विचारले तर तो सांगेल की कॉलमच्या उभ्या सळयांना वेढा घालणाऱ्या रिंगा हे सगळ्यात कंटाळवाणे काम. अहमदाबादच्या पडलेल्या कॉलममध्ये या रिंगा साधारण आठ-नऊ इंचांवर एक अशा होत्या आणि त्यांची टोके काटकोनात वळवलेली होती. भूकंपात कॉलमचे बाहेरचे काँक्रीट आधी फुटते. काटकोनातले टोक त्याच क्षणी उघडते, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर वाकतात आणि आतले काँक्रीट भुगा होऊन सांडते. टोक १३५ अंशात आत वळवले आणि कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाशी रिंगा १०० मिलिमीटरच्या आत ठेवल्या, तर तोच कॉलम वाकेल, चिरेल, पण माणसे बाहेर पडेपर्यंत इमारत धरून ठेवेल. जास्तीचे लोखंड थोडेच लागते. लागतो तो वेळ आणि देखरेख.

हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. भारतीय मानक १३९२० हे याच विषयावरचे मानक १९९३ पासून छापील उपलब्ध होते. पण तिसऱ्या क्षेत्रातल्या सामान्य निवासी इमारतींपैकी फक्त पाच मजल्यांहून उंच इमारतींना ते लागू होते. अहमदाबादच्या हजारो तळमजला अधिक चार इमारती बरोबर या रेषेच्या आत बसत होत्या. त्याहून उंच इमारतींनाही मानक पाळण्याची सक्ती नव्हती, कारण मानक संस्थेचा ग्रंथ हा कायदा नसतो. महापालिकेच्या बांधकाम नियमावलीने तो अंगीकारावा लागतो आणि मग कुणीतरी साइटवर जाऊन पाहावा लागतो. प्लॅन पास करणारा विभाग मोकळी जागा, एफएसआय (भूखंडावर किती बांधता येईल याचे प्रमाण), जिन्याची रुंदी काटेकोरपणे मोजत होता. पार्किंगचा मजला एफएसआयमध्ये धरत नव्हता, म्हणजे मोकळ्या तळमजल्याला व्यवस्थेनेच बक्षीस लावले होते. कॉलम किती जाड, रिंगा कशा, खाली जमीन कसली, हे तपासायला त्या फाइलीत रकानाच नव्हता.

म्हणूनच ‘भ्रष्ट बिल्डर’ एवढ्या दोन शब्दांवर हा विषय संपवणे मला मान्य नाही. बिल्डरांवर, अभियंत्यांवर गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, आणि खटले वर्षानुवर्षे रेंगाळले. वाळू-सिमेंटमध्ये चोरी करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण चोरी न करता, पास झालेल्या प्लॅनप्रमाणे बांधलेली इमारतही त्या रचनेत धोक्याचीच होती. परवानगी देणारा, नियम लिहिणारा, एफएसआयची सूट ठरवणारा यांच्यापैकी कुणीच आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हता. आपल्याकडे डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांच्या व्यवसायाचे नियमन करणारे कायदे आहेत. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. ज्याच्या सहीवर पाचशे माणसे झोपतात त्या, इमारतीच्या सांगाड्याचा हिशेब करणाऱ्या आरसीसी कन्सल्टंटसाठी देशपातळीवर तसा कायदा नाही. हे मला अत्यंत लाजिरवाणे वाटते.

गुजरातने नंतर केलेले काम मोठे आहे आणि ते तसे म्हटले पाहिजे. भूकंपानंतर काही दिवसांतच राज्याचे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले, २००३ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यानंतर २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. भुजमध्ये कोसळलेल्या रुग्णालयाच्या जागी रबर-शिशाच्या बेअरिंगवर उभे केलेले नवे रुग्णालय आले, जमीन हलली तरी इमारतीला तिचा धक्का कमी पोहोचावा म्हणून. भूकंपाचे बळ किती धरायचे ते सांगणाऱ्या भारतीय मानक क्रमांक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीने मोकळ्या तळमजल्याचे कॉलम-बीम अडीचपट बळाला धरून आखायला सांगितले. २०१६ च्या आवृत्तीने अशा मजल्यात आरसीसीच्या शिअर वॉल (आडवा धक्का झेलणाऱ्या भिंती) किंवा ब्रेसिंग (तिरके आधार) मागितले. हे सगळे पुढच्या इमारतींसाठी. जी इमारत १९८८ मध्ये किंवा १९९७ मध्ये बांधून झाली, तिला या कुठल्याच कलमाचा स्पर्श होत नाही.

आता महाराष्ट्राकडे येतो. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगरला सहापेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर पुण्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, मुंबईपासून दोनशेच्या आसपास. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची घरे खाली आणली आणि सरकारी आकड्याप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. नंतर नकाशा बदलला.

यावरून मुंबई-पुण्याला ७.७ चा धक्का बसणार असे मी म्हणत नाही. कच्छसारख्या मोठ्या भेगा इथे ज्ञात नाहीत, आणि किल्लारीचा ६.२ आणि कच्छचा ७.७ यांत मुक्त होणाऱ्या ऊर्जेचा फरक शंभरपटीहून अधिक असतो. पण तळमजला मोकळा असलेल्या, सैल रिंगांच्या, गंजलेल्या सळयांच्या इमारतीला पडायला ७.७ लागत नाही. महाडची तारिक गार्डन ऑगस्ट २०२० मध्ये भूकंपाविनाच पडली, बांधून पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. तिथे १६ माणसे गेली. जी इमारत स्वतःच्या वजनाला पुरत नाही, तिला आडवा धक्का किती सोसेल?

लोक सांगतात, आमच्या सोसायटीचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षांवरील इमारतींना ते बंधनकारक आहे, आणि ही तरतूद चांगलीच आहे. पण हे ऑडिट प्रामुख्याने इमारत किती झिजली ते पाहते: गळती, तडे, सळईचा गंज, काँक्रीटची ताकद. उत्तर मिळते ते दुरुस्ती हवी की पाडायची, एवढेच. आडवा धक्का आला तर तळमजला टिकेल का, हा प्रश्न त्या अहवालात सहसा नसतो. प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग करून, नवा रंग लावून सोसायटी निर्धास्त होते आणि पार्किंगमधले ते बारीक कॉलम तसेच राहतात. कधीकधी त्यांच्यावर फरशी चिकटवून ते आणखी देखणे केले जातात.

दुसरा युक्तिवाद पुनर्विकासाचा. जुन्या इमारती तशाही पाडल्या जाणार, मग त्यांच्यावर खर्च कशाला? हे दादर-विलेपार्ल्यात किंवा कोथरूडमध्ये थोडेफार खरे आहे, कारण तिथे जागेला भाव आहे. कल्याण, पनवेल, नाशिक, कोल्हापूर, सांगली इथल्या साध्या सोसायट्यांकडे बिल्डर फिरकत नाही, आणि भाव असलेल्या ठिकाणीही पुनर्विकासाच्या वाटाघाटी दहा-दहा वर्षे चालतात. दरम्यान माणसे तिथेच राहत असतात. शिवाय पुनर्विकासाने उंची वाढते, खाली पार्किंगचे दोन-तीन मजले येतात. नवी इमारत नव्या मानकाप्रमाणे खरोखर बांधली गेली का, हा प्रश्न उरतोच.

खर्चाची भीती मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, म्हणून तिचे उत्तर नीट द्यायला हवे. संपूर्ण इमारत नव्याने मजबूत करणे महाग आहे. पण इथे दुखणे एका मजल्याचे आहे. पार्किंगमधल्या निवडक कॉलमना आरसीसीचे जॅकेट चढवणे, दोन कॉलममधल्या काही गाळ्यांत पायापासून आरसीसीची भिंत उभी करणे, एखाद-दुसरी गाडीची जागा सोडून तिथे पोलादी ब्रेसिंग करणे, हे तळमजल्यापुरते काम आहे. बहुतेक वेळा रहिवाशांना घर सोडावे लागत नाही. वाद होतो तो गाडीच्या जागेवरून, आणि ज्याने सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे त्याला हा वाद किती कडू होऊ शकतो ते माहीत आहे. म्हणूनच हे सोसायट्यांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

लॉस एंजेलिसने काय केले ते पाहा. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात तिथल्या एका गृहसंकुलाचा तळमजला चेपला जाऊन १६ माणसे मेली. इमारती लाकडी चौकटीच्या, पण रोग तोच: खाली गाड्या, वर घरे. शहराला हालायला २१ वर्षे लागली. अखेर २०१५ मध्ये महापालिकेने कायदा केला, अशा सुमारे १३,५०० इमारती एकेक करून शोधल्या, मालकांना नोटिसा पाठवल्या आणि ठरावीक मुदतीत तळमजला मजबूत करण्याची सक्ती केली. काम बिनबोभाट झाले नाही, भाडेकरूंवर किती बोजा टाकायचा यावर वाद झाले. पण त्यातल्या बहुसंख्य इमारतींचे काम आज झालेले आहे.

आपल्या महापालिकांकडे इमारतींची अशी यादी करण्याचे साधन आहे. मालमत्ता कराच्या नोंदीत प्रत्येक इमारतीचे वर्ष आणि मजले असतात; बांधकाम परवानगीच्या नकाशात तळमजला मोकळा की बंद ते दिसते. २००२ पूर्वीची, पार्किंगवर उभी असलेली प्रत्येक इमारत नोंदवायला वॉर्डातल्या कनिष्ठ अभियंत्यांना फार तर काही महिने लागतील. यादी जाहीर केली तर घबराट होईल, घरांचे भाव पडतील, असे म्हणतात. भाव पडतील हे खरे असेल. पण विकत घेणाऱ्याला जे कळायला हवे ते लपवून टिकवलेला भाव हा फसवणुकीचाच भाव आहे. अहमदाबादेत त्या जानेवारीनंतर लोक कित्येक रात्री उघड्यावर झोपले आणि उंच फ्लॅटचे भाव कोसळलेच. फक्त त्याआधी साडेसातशे जीव गेले होते.

पैसा कुठून आणायचा, हेही सांगतो. जादा एफएसआय विकून महापालिका प्रीमियम गोळा करतात. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनंतर मुंबईबाहेरही जवळजवळ राज्यभर हा मार्ग खुला आहे. हा पैसा मजल्यांवर मजले चढवण्याच्या परवानगीतून येतो, तेव्हा त्यातला ठरावीक हिस्सा आधीच्या मजल्यांना पाय देण्यासाठी बाजूला काढणे न्याय्य आहे. अल्प उत्पन्न गटाच्या सोसायट्यांना त्यातून अनुदान, इतरांना कमी व्याजाचे कर्ज आणि काम पूर्ण करणाऱ्या इमारतीला काही वर्षे मालमत्ता करात सवलत. कलम ३५३-ब च्या ऑडिटमध्ये तळमजल्याच्या भूकंपक्षमतेचे स्वतंत्र प्रमाणपत्र जोडावे, आणि त्यावर सही करणाऱ्या कन्सल्टंटचे नाव इमारतीच्या प्रवेशद्वारावर लावावे. हे कलम मुंबईपुरते आहे. बाकीच्या महापालिकांच्या कायद्यात कलम २६५-अ ही तशीच तरतूद आहे; तिथेही आणि नगरपरिषदांच्या हद्दीतही तेच प्रमाणपत्र आले पाहिजे. महाड नगरपरिषदेचे गाव आहे.